मागून घेतलेला ओव्हरटाइम

आई,

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू ते ताईला मोठ्याने वाचायला लावशील आणि ती फिदीफिदी हसेल.

मी संस्थेची प्रमुख म्हणून राज्यभर कष्टकरी कुटुंबांसाठी बोलत फिरते, तेव्हा प्रत्येक भाषणात तुझीच गोष्ट असते. शिलाई कारखान्यातला सक्तीचा ओव्हरटाइम, आणि खिडकीत तुझी वाट बघत पेंगणाऱ्या आम्ही दोघी. लोक डोळे पुसतात. उद्या आमदारांसमोर बोलायचंय, म्हणून तुला सोबत चल म्हटलं. तर फोनवर म्हणालीस, "सक्ती कसली डोंबलाची? मीच मागून घ्यायचे. तिथे मैत्रिणी होत्या, पोट दुखेपर्यंत हसायचो. घरी काय होतं?"

घरी आम्ही होतो, आई.

तेव्हापासून एका जागी बूड टिकत नाहीये. बाकीच्या बायकांवर सक्ती होतेच, त्यांच्यासाठी उद्या भांडेन. तुझी गोष्ट मात्र भाषणातून काढून टाकलीय. पण तू दारात यायचीस तेव्हा कायम दमलेलीच दिसायचीस. एवढंच सांग, ते हसू तू जिन्यातच पुसून यायचीस का?

तुझी,
धाकटी