नावांची राखण

९ जानेवारी १९८९, सोमवार

दुपारच्या एसटीनं रत्नागिरीत उतरलो. पोफळीच्या वीजघरात चोवीस वर्षं काढलेला माणूस मी. निवृत्तीनंतर पुस्तकं पुढ्यात घेऊन कॉम्प्युटर शिकलो, तर आता लोक चक्क बोलावून नेतात! यमुनाबाईंचं घर चिऱ्याचं, पुढे चार माड, मागे समुद्राचा वारा. आल्याआल्या बाईंनी गूळ-पाणी दिलं आणि ‘भिकाजीभाऊ’ म्हणून मोकळ्या झाल्या. बरं वाटलं.

बाईंचे यजमान भागोजी मास्तर गेल्या श्रावणात वारले. संगमेश्वराकडच्या आपल्या गावातल्या प्रत्येक माणसाचं नाव आणि त्याच्याबद्दल दोन ओळी, असं पुस्तक त्यांनी जमवलं होतं. वह्या वाळवीनं खाल्ल्या, तेव्हा मुलानं, सखारामनं, मुंबईच्या कचेरीतून मोडीत निघालेला हा कॉम्प्युटर आणून दिला. मास्तरांनी एका बोटानं तीनशे बारा नावं आत घातली. दुसरी प्रत कुठेही नाही. मग यंत्राला व्हायरस लागला. पडद्यावरची अक्षरं पिकल्या पानांसारखी खाली गळायची म्हणे. मुंबईच्या एका माणसानं महिन्यापूर्वी तो काढला, पण मागची झाडलोट राहिली. ती माझी. शिमग्याला गाव जमेल तेव्हा मास्तरांचं पुस्तक सगळ्यांच्या हाती पडावं, एवढंच यमुनाबाईंना हवं आहे.

११ जानेवारी

पेटी उघडली तर आत लाल धूळ मूठभर. ब्रशानं झाडली. चौतीस फ्लॉपी तपासल्या. दमट हवेनं काहींवर बुरशी धरलेली. त्या बाजूला काढल्या. दोनांत व्हायरस अजून दबा धरून होता, त्या कात्रीनं कापून चुलीत घातल्या. नावांच्या दोन नव्या प्रती केल्या आणि फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली. खाच बुजली की यंत्राला त्यावर काही लिहिता येत नाही आणि पुसताही येत नाही. छापायचं मात्र राहिलं. प्रिंटरची रिबन वाळून काथ्या झाली आहे, मुंबईहून मागवली.

शेजारी यमुनाबाईंची नणंद राहते, कमळाताई. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, “काय वो भिकाजीभाऊ, दृष्ट काढू काय यंत्राची? मीठ-मोहऱ्या घेऊन येतंय!” मी म्हटलं, आणा, पण फ्लॉपीवर ओवाळू नका. खूप हसली. तिसऱ्या काय झाल्या होत्या म्हणून सांगू!

१२ जानेवारी

एक गोष्ट खटकत होती. यंत्र सुरू केलं की आधी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक ओळ येते: राखणदारा, नावं सांभाळ. आणि ‘होय’ टाइप केल्याशिवाय पुढे काही हलत नाही. सुरुवातीच्या फाइलीत अनोळखी ओळ ठेवायची नाही, हा पहिला धडा. व्हायरसचंच शेपूट असावं म्हणून पुसून टाकली. पासवर्ड घातला, पेटीला किल्ली लावली.

मग बाईंना सांगितलं, तेव्हा कळलं की ती ओळ मास्तरांची. गावात राखणदारापुढे, म्हणजे गाव राखणाऱ्या देवापुढे, गाऱ्हाणं घालतात, घराघराचं नाव घेतात आणि सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात. त्याशिवाय कुठलंच काम सुरू करत नाहीत. मास्तर रोज ती ओळ मोठ्यानं वाचायचे, बाई स्वयंपाकघरातून ‘होय महाराजा’ म्हणायच्या, मगच ते अक्षरं दाबायचे. मुंबईच्या माणसानं बाईंना विचारून ती राहू दिली होती. मी विचारलं नाही. छपाई झाली की परत घालतो म्हटलं. बाई रागावल्या नाहीत. फक्त नारळ खोवायच्या थांबल्या.

१४ जानेवारी, संक्रांत

नावं तीनशे नऊ.

माझंच मोजायचं चुकलं असेल. पुन्हा मोजली, तीनशे नऊच. कुठली तीन गेली ते आठवेना. चिकटपट्टी लावलेल्या प्रती काढल्या. तिथेही तीनशे नऊ. बंद केलेल्या फ्लॉपीतून नाव जाईल कसं? पट्ट्या जशाच्या तशा आहेत. बाईंना काही बोललो नाही. त्यांनी दिलेला तिळगूळ बाजूला ठेवून पुन्हा मोजायला बसलो.

१६ जानेवारी

सकाळी एक अनोळखी बाई वाटी झाकून घेऊन आल्या. सरळ आत. यमुनाबाईंनी अदबीनं विचारलं, “तुम्ही कुठच्या वो?” त्या हसल्या. म्हणाल्या, “वैनी, पुरे झाली थट्टा.” मग आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. वाटी खाली ठेवली आणि रडायलाच लागल्या. आम्ही पाणी दिलं. भ्रमिष्ट असेल बिचारी म्हणून दारापर्यंत पोचवलं.

दुपारी ही वही सहज मागे चाळली. ११ तारीख. कमळाताई. तिसऱ्या. अक्षर माझं आहे. मला काहीही आठवत नाही.

१७ जानेवारी

शेजारी गेलो. ती बाई उंबऱ्यावर बसून होती. माझं नाव तिला ठाऊक. मीठ-मोहऱ्यांचं तिनं सांगितलं, शब्दन् शब्द. गावाकडे गेली होती म्हणे काल, स्वतःच्या माहेरी. तिथंही कोणी ओळखलं नाही. उलट तिलाच लोक विचारत होते, तू आम्हाला ओळखतेस का? कारण त्यांनाही घरचे ओळखत नव्हते.

नावं दोनशे एकाहत्तर. घरामागून घर, मास्तरांनी लिहिली त्याच क्रमानं जाताहेत, मधूनच एखादं आगाऊ उचललेलं. मास्तरांचं घर अगदी शेवटी आहे: ते, सखाराम, यमुनाबाई.

ओळ परत घातली. तीच अक्षरं. मी ‘होय’ दाबलं. बघता बघता दोनशे सत्तर. माझं होय चालत नाही. घरचं माणूस हवं. उद्या बाईंना —

सात पानं हातानं उतरवून काढली. नावं कागदावर राहतात. पण ती कोणाची, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

१८ जानेवारी

उशीर झाला.

बाईंनी मलाच विचारलं, पुढच्या खोलीत हार घातलेला फोटो कोणाचा. मी म्हटलं, मास्तरांचा. वहीत वाचून म्हटलं. त्या म्हणाल्या, कोण मास्तर?

तरी यंत्रापुढे बसवलं. ओळ वाचली. म्हणा, वैनी, होय महाराजा. माझ्या समाधानासाठी म्हणाल्या, पाहुण्याचं मन राखावं तसं. कोणाला होय म्हणताहेत ते त्यांनाच माहीत नव्हतं. एकशे बारा, आणि त्यांत मास्तर नाहीत, आगाऊच उचललेले.

आता पुस्तकाचं राहू दे. ही एक बाई राहिली पाहिजे.

१९ जानेवारी

वायर काढली. पेटी पोत्यात गुंडाळून पडवीत ठेवली. काल रात्री झोप नाही, पण यंत्र बंद होतं, नक्की बंद — सकाळी जोडून पाहिलं — चाळीस.

पोस्टमन पत्र घेऊन आला. मुंबईहून, सखारामचं. बाईंनी पत्ता चुकला म्हणून परत दिलं. मीही मान हलवली. नंतर वही वाचली. धावत गेलो, पोस्टमन कुठे दिसेना.

२० जानेवारी

एकच.

yamuna. hine hoy mhatlyashivay maza divas suru zala nahi.

मास्तरांची ओळ. पडद्यावर स्थिर आहे. नजर काढत नाही — काढली की —

यमुनाबाई. चिऱ्याचं घर. गूळ-पाणी दिलं. नारळ खोवतात. यमुनाबाई. मला भिकाजीभाऊ म्हणतात. यमुनाबाई यमुनाबाई यमुना

२१

कुणाच्या तरी घरी आहे. समोर कॉम्प्युटर, पडदा कोरा. काम संपलेलं दिसतं.

एका बाईंनी चहा आणून ठेवला. भल्या वाटतात. डोळे सुजलेत. मला नावानं हाक मारली. त्यांना वही दाखवली — शेवटचं पान एकाच नावानं भरलंय, अक्षर माझंच — विचारलं, इथं यमुनाबाई म्हणून कोणी राहतात का?

छातीवर हात ठेवून काहीतरी सांगताहेत. लिहून घेतो. म्हणतात, अहो भाऊ, मीच ना ती, मी —