पाठीतलं पाणी आणि गळ्यातली थोरली

थोरले, तुला मी कधी पाहिलं न्हाई. तू गेलीस, वर्षाच्या आत मी तुझ्या नवऱ्याची बायको होऊन तलवाड्याला आले, आन् सासूबाईंनी तुझ्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. म्हणाल्या, "थोरलीचा मान हाय, आधी तिला निवद." म्हणजे पुरण वाटायचं मी आन् पहिला घास सवतीला. मी म्हातारी झाले, तू मात्र चांदीत कोवळीच. मी सांगतेय ते लिहून घेणारी माझी नातसुद्धा तुझ्याहून मोठी हाय.

आता तुझ्या नवऱ्याचं ऐक. त्यांना विसर पडायला लागला, जेवल्यालं ध्यानात राहीना. बीडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासू. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर गप पडायचं होतं. पण हे ऐकतात व्हय? धडपडताना त्यांच्या हाताला माझ्या गळ्यातला टाक लागला. मुठीत धरतात आन् तुझं नाव घेतात. लई मऊ! मला जन्मभर नुसतं "ऐकलं का". मी म्हटलं, "हं, मीच हाय, हलू नका." सुई टोचली तरी हलले न्हाईत. वर विचारतात, "कपिलधारला हरवलेली चप्पल घावली का गं?" मला तर कधी कपिलधारला नेलंच न्हाई.

पाणी पुण्याला धाडलं, अहवाल आला. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "आजी, एक प्रथिन पाण्यात कमी हाय, कारण ते मेंदूतच साचून बसलंय. दुसरं वाढलंय, म्हणजे पेशी झिजतायत. हा अल्झायमरच."

"आत साचून कोण बसलंय ते मला विचारायचं की! सुई कशाला टोचली?"

नात हसली. मी विचारलं, शेवटी ध्यानात काय राहील? त्या म्हणाल्या, "जुनं जास्त टिकतं, आजी." म्हणजे तूच की गं.

तवापासून तुझ्या नावाला मीच ओ देते. काल चहा पाजत होते, तर तुझं नाव घेऊन हळूच मला म्हणतात, "ती कुठं गेली गं? जिला मी 'ऐकलं का' म्हणतो ती? सकाळपासून दिसंना. करमंना मला."

नात विचारतीय, पत्ता काय घालू. म्हटलं, घडी करून ठेव, जिला द्यायचं ती गळ्यातच हाय. एवढं मात्र लिही: मीच ती, हे मी त्यांना सांगितलं न्हाई. म्हटलं, शोधू दे जरा. तुझ्यादेखत.