चारशे सतरा नंबरचं कार्ड

बडेबाबू,

तुम्ही मला कोळशानं शिकवलंत ते आता पुण्याच्या कॉलेजात शिकवतात. मागच्या आठवड्यात माझ्या भाचीची मुलगी सुट्टीत आली आणि तिनं बैठकीच्या खोलीत जमिनीवर भलामोठा कागद पसरला. कागदभर चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. एखाद्या दवाखान्याचं काम आज कसं चालतं ते आधी जसंच्या तसं काढायचं, कुठं अडतं ते पाहायचं आणि मग नवी पद्धत आखायची, असं ती मला समजावत होती. 'आजी, याला सिस्टिम अ‍ॅनालिसिस म्हणतात.' मी म्हटलं, हे कोळशानं काढायचं असतं. म्हातारी भरकटली असं वाटलं असणार तिला. मग तिनं पेन्सिल चावत सहज विचारलं, 'पेशंट वारला तर त्याची नोंद कुठल्या चौकोनात जाते गं?' मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती परत गेली, त्याला चार दिवस झाले. मी अजून तिथंच बसून हे लिहिते आहे.

तुम्हाला आठवतं का, मी अमरावतीच्या त्या दवाखान्यात लागले तो दिवस? क्षयरोग्यांना फुकट औषध देणारा एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना, आणि तुम्ही तिथले हेडक्लार्क, म्हणून सगळ्यांचे बडेबाबू. मी नुकती मॅट्रिक झालेली, घरातली पहिली नोकरदार बाई. आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्याला दोन वर्षं झाली होती. चपराशानं मला माझं टेबल दाखवलं, नंतर कोपऱ्यातला माठ दाखवला आणि शेवटी खिडकीत पालथा घातलेला एक पेला दाखवला. हा तुमचा, म्हणाला. मला समजायचं ते समजलं. मी पाणी प्यायले, तेवढ्यात तुम्ही अकोल्याच्या गाडीनं आलात, घामानं डबडबलेले, आणि माझ्या हातातलाच पेला घेऊन माठात बुडवलात. उभ्याउभ्या प्यालात. 'हापिसात दोन पेले काहून ठेवले? एक बस आहे,' एवढंच बोललात आणि दुसरा पेला चपराशाच्या हाती दिलात. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं तेव्हा ती रडली. मी नाही रडले, पण त्या क्षणापासून तुम्ही सांगाल ते मी डोळे झाकून करणार होते.

तुमचं शिकवणंही तिरपागडं. तेव्हा आपल्याकडे एकच जाडजूड रजिस्टर होतं, रोग्याचं नाव सापडेपर्यंत रोगी बाकावर झोपून जाई, आणि कोण यायचं बंद झालं हे तर कोणालाच कळत नसे. ते बदलायचं तुम्ही ठरवलंत. पण महिनाभर मला काही बदलू दिलं नाहीत. 'पयले पाय. कागदाच्या मागं मागं जाय. ज्या टेबलावर कागद थांबला, तिथं तीन गोष्टी इचार. कोन देते? तू कोनाले देतं? आन् नाई आला तं काय करतं?' पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळे द्यायचे. तिसऱ्याला सगळे गप्प व्हायचे. तुम्ही म्हणायचात, काम बुडते ते तिथंच बुडते. मग मागच्या ओट्यावर कोळशानं चौकोन काढायचात, टेबल म्हणजे चौकोन, कागद म्हणजे बाण, आणि आमचा कंपाउंडर येता-जाता विचारायचा, 'बडेबाबू, लंगडी खेलून राह्यले काय?' शेवटी ठरलं की दर रोग्याचं एक कार्ड. लाकडी पेटीत प्रत्येक तारखेचा एक खण. ज्या तारखेला रोगी यायचा, त्या खणात त्याचं कार्ड. तो आला की कार्ड आधी वजनकाट्यावर, मग डॉक्टरांकडे, मग औषधाच्या खिडकीवर आणि तिथून पुढच्या महिन्याच्या खणात. तारीख उलटून तीन दिवस झाले तरी कार्ड खणातच उभं असेल तर रोगी आलेला नाही, मी त्याला पोस्टकार्ड टाकायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं त्या पेटीतच बसवलेलं होतं. नवं सुरू झाल्यावरही एक महिना जुनं रजिस्टर तुम्ही बंद होऊ दिलं नाहीत. 'जुन्याले घाईनं मारू नोको.'

छापखान्यातून कार्डाचा नमुना आला तेव्हा त्यात जुन्या रजिस्टरातलं जातीचं घर, म्हणजे जात लिहायचा रकाना, जसंच्या तसं आलं होतं. मी ते पाहिलं आणि मान खाली घालून बसले. तुम्ही लाल पेन्सिल घेतलीत आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंत, 'हे घर कोन वाचते? डाक्टर वाचते? कंपाउंडर वाचते? कोनीच वाचत नाई, तं छापाचं काहून?' आणि ते उडवलंत. त्याच पेन्सिलीनं, त्याच दमात, सर्वांत खालचं 'मृत्यू'चं घरही उडवलंत. 'हेही कोनी वाचत नाई. मेलेला मानूस औषध न्याले येते काय?' सगळे हसले. मीही हसले, कारण मला नियम कळला होता, घराला वाचणारा हवा.

दीडेक वर्षात पेटी अशी चालू लागली की लोक बघायला येत. कोणाचं पोस्टकार्ड 'मयत' असा शेरा घेऊन परत आलं तर त्याला जागाच नव्हती, म्हणून तुम्ही ती परत आलेली पोस्टकार्डं एका बिस्किटाच्या डब्यात टाकायचात. शनिवारी तुम्ही घरी, अकोल्याला जायचात तेव्हा वाटेवरच्या गावांतल्या, अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांच्या औषधाच्या पुड्या तुमच्या थैलीत असत. स्टेशनावर त्यांचे नातेवाईक येऊन खिडकीतून घेऊन जायचे. त्यांच्या कार्डांना आम्ही अकोल्याचा गठ्ठा म्हणायचो, आणि त्यांवर डॉक्टर रोगी न बघताच सही करत.

आणि मग, पेटीला तिसरं वर्ष चालू असताना, तो माणूस येतो. चैत्रातली दुपार आहे, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून चपराशी पेंगतो आहे. चांदूर रेल्वेकडचा शेतकरी, हातात माझ्या अक्षरातलं पोस्टकार्ड.

'बाई, हे तुमीच लिवलं काय?'

मी हो म्हणते.

'मंग येवढं सांगा, थे इथं येऊन राह्यली काय?'

'कोण?'

'माही बायको. तिले जाऊन दोन वर्सं झाले. मीच अग्नी देल्ला.' तो पोस्टकार्ड माझ्यापुढं ठेवतो. 'मास्तरानं वाचून दाखवलं. या महिन्यात आपण आला नाहीत, असं लिवलं हाय. या महिन्यात म्हंजे? मागच्या महिन्यात आल्ती काय?'

त्याला मी बसवते, घरून आणलेला माझा पितळी पेला भरून त्याच्या हातात देते आणि खणातून कार्ड काढते. चारशे सतरा. त्यावर दर महिन्याला आल्याची खूण आहे, तिच्या मरणानंतरच्याही प्रत्येक महिन्याची, फक्त शेवटचा महिना रिकामा. वजनाच्या घरात आधी शहात्तर पौंड, मग चौऱ्याहत्तर, मग एकाहत्तर. तिथं ती मेली. त्याखालचा आकडा एकशे तीन. मग एकशे पाच, एकशे आठ, एकशे चौदा. मेल्यापासून ती बाई सुधारत चालली होती. मी त्याला म्हटलं, चूक झाली आमची. तो पाणी पिऊन उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

'चूक असन तं असन बाई. पोरं म्हनतात माय अमरावतीले हाय. येवढं सांगा, बरी हाय ना?'

तो गेल्यावर मी औषधाच्या खिडकीवर गेले. कंपाउंडर म्हणाला, 'चारसे सतरा? एकदम पाबंद. दोन सालात एकच खेप चुकली.' ती दिसायला कशी आहे, मी विचारलं. 'चेहरा कोन पायते? कार्ड आलं का पुडी बांधतो. थे तं अकोल्याच्या गठ्ठ्यात येते.' पुढचे कितीतरी दिवस बाकावर पदर ओढून बसलेली प्रत्येक बाई मला तीच वाटायची. नंबर पुकारताना चारशे सोळानंतर मी थांबून बाकाकडे बघायचे, कोणीतरी उठून उभं राहील म्हणून. बिस्किटाच्या डब्यात तळाशी तिचं पहिलं पोस्टकार्ड सापडलं, दोन वर्षांपूर्वीचं, माझ्याच अक्षरातलं, आणि पोस्टमननं त्यावर लाल शाईत लिहिलेलं, मयत. या खेपेचा पोस्टमन नवा असावा, त्यानं पोस्टकार्ड घरी नेऊन दिलं.

चांदूर रेल्वे बडनेऱ्याच्या एका अंगाला आणि अकोला दुसऱ्या. चांदूरची पुडी अकोल्याच्या थैलीत जाण्याचं काहीच कारण नव्हतं. वजनाच्या घरातला एकाचा आकडा तुमच्या अक्षरातला होता, वर शेंडी काढलेला. आणि ज्या आठवड्यात ती आली नाही, त्या आठवड्यात तुम्ही तापानं आठ दिवस रजेवर होतात. मी स्वतःला सांगितलं की बडेबाबू औषध विकतात. तसं मानणं सोयीचं होतं, रागही येत होता आणि रागात हिंमतही येते. मी तुमच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, कार्डावर मृत्यूचं घर पाहिजे. परत आलेलं पोस्टकार्ड बघून कार्ड पेटीतून काढायचं, असा नियम पाहिजे.

'कोन वाचीन ते घर?'

'मी वाचीन.'

तुम्ही चष्मा काढून पुसलात. 'सारी कार्डं काढशीन?'

'सारी.'

'एकही नाई ठेवाचं?'

'तुम्हीच शिकवलं, बडेबाबू. एका कार्डासाठी नियम वाकवला की पेटी वाकते.'

'बराबर हाय,' म्हणालात आणि सही केलीत. दुसऱ्या दिवशी डबा उलटा करून मी एकतीस मेलेली माणसं पेटीतून काढली. चारशे सतरा काढल्यावर त्या खणात एका कार्डाएवढी फट राहिली. बाजूची कार्डं कलंडून ती मिटायला हवी होती, पण ती ताठ उभीच राहिली. पुढच्या महिन्यात त्या तारखेला मी खण उघडला तेव्हाही फट तशीच होती. तुम्ही माझ्या मागून गेलात, खणाकडे पाहिलंत आणि टेबलाशी जाऊन बसलात. शनिवारची थैली घेऊन जात राहिलात. हळूहळू तुमची रजा वाढली, सदरा खांद्यावरून लोंबू लागला, आणि पुढच्या वर्षी पोळ्याच्या आसपास तुम्ही गेल्याचं कळलं.

मी अकोल्याला, जठारपेठेत तुमच्या घरी गेले. तुमच्या पत्नीनं मला आत घेतलं, 'तूच ना थे कार्डवाली पोरगी?' म्हणाली. मग सांगत बसली, एखाद्या तिसऱ्याच माणसाचं सांगावं तशी. 'खोकल्यानं धरलं होतं. मंग दोन वर्सं चांगले झाले, अंगानं भरले. मंग म्हने, दवाखान्यातून औषध बंद झालं. मी म्हटलं, सोताच्या नावानं घ्या, दुकानातून घ्या. तं म्हने, पोरीचं लगन व्हायचं हाय, टीबीवाल्याच्या घरातून कोन पोरगी करते? आन् नोकरी कोन ठेवते?' कोनाड्यात एक तार टांगलेली होती. ऑफिसात आपण निकाली कागद ओवून ठेवायचो तशी. तिच्यावर रिकाम्या पुड्यांचे कागद, सपाट करून, तारखेवार ओवलेले, आणि प्रत्येकावर कंपाउंडरच्या निळ्या पेन्सिलीत ४१७. वजन तुम्ही स्वतःचं करत होतात, बडेबाबू. दर महिन्याला काट्यावर उभे राहून, खरा आकडा तिच्या कार्डावर लिहीत होतात. खोटा आकडा तुमच्या हातून लिहवला गेला नाही, आणि तोच आकडा मला सापडला.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी कारकुनांना तुमचे तीन प्रश्न शिकवले. शिकवताना दर वेळी सांगितलं की तिसरा सोडायचा नाही. तुमच्या टेबलाशी मात्र मी दोनच विचारले. चारशे सतराचं औषध कोण देतं, कोणाला देतं. नाही मिळालं तर काय, हे विचारलंच नाही. भाचीच्या मुलीला हे सांगायचं म्हणून लिहायला बसले होते, पण हे तिला पाठवणार नाही. तुमच्या पत्त्यावर टाकलं तर पोस्टमन लाल शाईत शेरा मारून परत आणून देईल.

तुमचं दुखणं मला कळलं नव्हतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. आईलाही तेच सांगितलं. खरं असं आहे की तो शेतकरी येण्याच्या दोन महिने आधी तुम्ही माठाशी उभे राहून पाणी पीत होतात, मध्येच खोकलात आणि पेल्याचा काठ रुमालानं पुसलात. रुमालावरचं लाल मी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी माझा पितळी पेला घरून आणू लागले. तुम्ही तो टेबलावर पाहिलात. त्या दिवसापासून माठावरच्या पेल्याला तोंड लावायचं तुम्हीही सोडलंत, ओंजळीनं पाणी प्यायला लागलात.