शिवणीतली माया

आई, काल कारखान्यात पुन्हा तुझा शब्द वापरला आणि पुन्हा सगळ्या हसल्या. भैरवगढच्या रस्त्यावर आमची शेड आहे. तिथे आम्ही छातीचे ठोके टिपणाऱ्या बंड्या शिवतो. साधं सुती कापड, त्यात केसाएवढी चांदीची तार आणि एक छोटी बॅटरी. शिवणीच्या आत राखलेल्या जास्तीच्या कापडाला तू माया म्हणायचीस, म्हणून मीही बायकांना सांगते, "माया छोड़ना." त्यातली एक हात जोडून म्हणाली, "मैडम, महाकाल की नगरी में बैठे हैं, फिर भी माया कहाँ छूटती है!" मीही हसले. मग तपासायला बंडी उलटी केली, आणि तू आलीस.

हल्ली असंच होतं. कपडा उलटा केला की मानेशी तुझा श्वास जाणवतो. देवास गेटजवळच्या आपल्या खोलीत तू माझं शिवण असंच उलटं करून बघायचीस. "वरून सगळेच छान शिवतात. आत काय ठेवलंयस?" कडा सुबक दिसाव्यात म्हणून मी माया कातरून टाकायचे. एकदा तू माझ्या हातातली कात्रीच काढून घेतलीस. "बाई आज फुगेल, उद्या रोडावेल. कपड्याला तिच्यासोबत जाता यायला नको?"

आता मालक म्हणतात, "इतना कपड़ा अंदर क्यों दबा रही हो? काटो इसे, मोटा दिखता है." मी अडून बसलेय. तार मी मायेतूनच नेते. बंडी फाटली तरी शिवण उसवून ती काढता येते, दुसऱ्या बंडीत घालता येते. नाहीतर चांदी, बॅटरी, कापड, सगळं एकाच उकिरड्यावर. उद्या त्यांना शेवटचं उत्तर द्यायचंय. नाहीच ऐकलं तर नोकरी सोडेन. सगळ्यांना वाटतं, मला पृथ्वीची फार काळजी.

काळजी आहेही. पण तुझा शेवटचा ब्लाऊज मी शिवला होता. आजारात तुझं अंग सुजलं, बाह्या दंडात दाटायला लागल्या, तेव्हा तू म्हणालीस, "जरा उसवून दे गं." मी उसवायला घेतला. आत काहीच नव्हतं, माया मी कातरून टाकली होती. हुक न लावता, पदर लपेटून तुला दवाखान्यात नेलं. रिक्षात तू सारखा पदर ओढत होतीस, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिथून तू परत आली नाहीस.

"कापड आटलं," उसवताना मी तुला सांगितलं होतं. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला. तू नुसती मान डोलावलीस. पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं, आई. तुला तेव्हाच कळलं होतं, आणि ते मलाही तेव्हाच कळलं होतं.