गाडीच्या डोळ्यावर तीट

९ जानेवारी, शुक्रवार
सगळ्यात आधी गंगूबाई शेजारीण टपकली, मागून गाडी. हिला वास कसा लागतो कोण जाणे. "लेक-जावई पुण्याहून नवी गाडी घेऊन आले की वं! आता काय, तुमची मान वर!" सुषमाची चिमी अकरा महिन्यांची, दोन दात. कडेवर आली अन् रडलीबी न्हाई. बाळंतपण तिकडंच झालं, आजीच्या हातानं पोरीला काईच न्हाई झालं. बुधवारी संक्रांत. पैलं बोरन्हाण तरी इथं करू, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतू म्हणलं, तर रविवारी जायाचं म्हणतात. जावयाला रजा न्हाई.

गंगूबाईची नजर लई वाईट. चिमीला तीट लावली, तवा गाडीलाबी लावली. काचेला वर आरशापाशी काळा पट्टा हाय, काळ्यात काळं कुणाला दिसतंय. घरचं काजळ, एरंडेलाचं. स्टुलावर चढले. जावई हसतील म्हून सांगितलं न्हाई.

१०, शनि.
गाडीत बसून जळकोटला गेलो. रस्त्यात टुंग वाजलं, पुढं पिवळं चिन्ह. जावई म्हणले कॅमेरा बंद. म्हणलं, गाडीला फोटो कशाला पाह्यजेत? "फोटो न्हाई मामी, आरशामागं डोळा हाय तिचा. समोर माणूस, ढोर आलं की आपूनच ब्रेक मारती."
बरोबर तिथंच माझी तीट.

११, रवि.
जावयानं ओल्या फडक्यानं काच पुसली, गाडी बंद करून चालू केली. चिन्ह तसंच. एरंडेल कुठं पाण्याला ऐकतंय. नांदेडच्या मिस्त्रीला फोन. तो म्हणला उद्या आणा, मशिन लावून बघतो, कॅमेरा गेला आसल तर नवा यायला आठ दिवस. सुषमा म्हणली लेकराला घेऊन आसं लांब जायाचं न्हाई.
आठ दिवस! लगेच बोरं आणवली. चिमीचं काळं झबलं उन्हात टाकलं. गाणंबी म्हणलं.
मिस्त्रीनं इचारायला लावलं, काचेला कुणी काई लावलं का. जावयानं माझ्याकडं बघितलं. न्हाई म्हणलं. सुषमा तडकली, "माझी आई खोटं बोलत न्हाई."
जेवण गेलं न्हाई.

१२, सोम.
सकाळी जावई चावी घेऊन नांदेडला निघाले. म्हणलं थांबा, काजळ मी लावलं.
सुषमा बघतच राहिली. "मंग काल का न्हाई सांगितलंस?"
"संक्रांत झाल्यावर सांगणार व्हते."
मंग जावईच हसले, "मामी, गाडीचा डोळाच झाकला की वं तुम्ही!"
भांड्याच्या साबणानं मीच काच घासली. ते मुखेडपस्तोर चक्कर मारून आले. चिन्ह गेलं. मशिन न्हाई, मिस्त्री न्हाई.
अन् मंग बॅगा भरल्या.
सुषमा गाडीत बसेस्तोवर बोलली न्हाई. मंग काच खाली करून म्हणली, "बोरन्हाण रथसप्तमीपस्तोर चालतंय ना, आई?"
"हाव."
"येतो मंग."
जावई म्हणले रजा बघतो. ती म्हणली, भेटो न भेटो.
ही बोरं तवर टिकायची न्हाईत. दुसरी आणीन.
रथसप्तमी २५ ला. रविवार हाय.