तिच्या आवडीचे सिनेमे

१२ जानेवारी, रविवार

मनीषा सकाळच्या बसने माहेरी गेली, नार्व्याला. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. वय फार, ऑपरेशन नको, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे आता पडूनच. मनीषाला भाऊ नाही, बहीण नाही. तिलाच जावं लागणार. पंधरा-वीस दिवस, म्हणाली.

पेडण्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. बस उशिरा का येते ते मी तिला समजावून सांगत होतो. ती रस्त्याकडे बघत होती. कालचं मनात असणार. संध्याकाळी तिने नेहमीसारखा जुना सिनेमा लावला होता — प्रेम, गैरसमज, गाणी, शेवटी सगळे हसतात, तसला. मी म्हटलं, खून नाही, कोर्ट नाही, लढाई नाही, मग त्यात बघायचं काय? तिने आवाज थोडा वाढवला. मी उठून बाहेर सोप्यावर जाऊन बसलो. बत्तीस वर्षं हे असंच. माझ्या लढायांना ती नसते, तिच्या प्रेमांना मी नसतो.

१६ जानेवारी

पोदेर सवयीने रोजच्याइतकेच पाव देऊन गेला. निम्मे मांजराला घातले.

२१ जानेवारी, मंगळवार

रोज संध्याकाळी फोन होतो. जेवलात? जेवलो. गोळी घेतली? घेतली. आई कशी आहे? तशीच. मग दोघंही थांबतो. तिच्या बाजूने कावळे ऐकू येतात. ठेवू का, म्हणते. समोर असली की माझं तोंड बंद नसतं. फोनवर मात्र काय बोलावं तेच कळत नाही.

आज गोकुळदासपाशी हे बोललो. वीजखात्यात आमची टेबलं शेजारी, निवृत्तही बरोबरच झालो. त्याची बायको जाऊन आता काही वर्षं झाली. त्याने चहा ढवळला. मग म्हणाला, "रघुनाथ, तिला जे आवडतं त्यातलं काहीतरी बोल. मला आता बोलायला कुणी नाही, म्हणून सांगतो."

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. तिला काय आवडतं? फूल कुठलं? भाजी कुठली? खात्रीने एकच सांगता आलं — ते सिनेमे.

२३ जानेवारी

पहिला पाहिला. दुपारी, खिडक्या लावून. शेजाऱ्यांनी ती गाणी ऐकली तर काय म्हणतील!

शिंप्याकडे दोन पार्सलं बदलतात. त्याच्या घरी तिचे ब्लाऊज, तिच्या घरी त्याची पँट. एवढ्यावर अडीच तास. ऐन वेळी घरातला फ्यूज उडतो आणि दोघं अंधारात एकमेकांवर आदळतात. बाहेर बघावं तर रस्त्यावरचे दिवेही गेलेले. घरातल्या फ्यूजने रस्त्यावरचे दिवे कसे जातील? आयुष्यभर मी दुसरं काय केलं?

पण उठलो नाही. शेवटपर्यंत बसलो.

२४ जानेवारी

तिला सांगितलं. मग म्हणाली, "तुम्ही पाहिलात?" मी फ्यूजचं सांगितलं. ती हसली. खरंच हसली. कधी शेवटची हसली होती, आठवत बसलो. नाही आठवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आता रोज एक. टीव्हीवर कसे शोधायचे ते गौरवीने पुण्याहून फोनवर शिकवलं. तिलाही खरं वाटेना. बाबा, बरं आहे ना सगळं, म्हणून दोनदा विचारलं. लेकीला बापाचं सिनेमा बघणं म्हणजे आजारपण वाटलं.

आजच्यात पोस्टातला एक कारकून आहे. मुलीवर जीव, पण मुलीच्या कुत्र्याला घाबरतो. पत्र द्यायला जातो आणि झाडावर चढून बसतो. मुलीचा बाप खाली उभा राहून त्याच्याशी लग्नाची बोलणी करतो. मी एकटाच मोठ्याने हसलो. हसू थांबल्यावर घर जास्तच रिकामं वाटलं.

हल्ली तिच्या खुर्चीत बसून बघतो. तिथून दारातून सोपा दिसतो. मी बसायचो ती जागा अगदी समोर येते.

९ फेब्रुवारी

कुत्र्याच्या सिनेमाचा शेवट तिला सांगता येईना. मी म्हटलं, अगं, तू तर कितीदा पाहिलास. विसरले, म्हणाली. आईच्या आजारपणात माणसाला काय आठवणार. मग मीच सगळी गोष्ट सांगितली, झाडापासून लग्नापर्यंत. ती हूं हूं करत होती. सासूबाई आतून हाक मारत होत्या बहुतेक. मी गोष्ट संपवूनच फोन ठेवला.

१५ फेब्रुवारी

दोन दिवस फोन नाही. मी केला तर उचलला नाही. मागच्या डोंगरावर काजू धरलाय, वाऱ्याबरोबर वास घरात येतो. तिला तो आवडतो की नाही, मला माहीत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाई गेल्या, सकाळी. मनीषा जवळ होती.

मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मनीषा रडत नव्हती. मला बघून म्हणाली, चहा घेतलात का. मी म्हातारीच्या पाया पडलो. शेवंती नाव त्यांचं. इतक्या वर्षांत मला त्या कधी वाकडं बोलल्या नाहीत. सरळही फारसं बोलल्या नाहीत. जावई आले की जेवायला वाढायच्या आणि आत जायच्या.

४ मार्च, मंगळवार

काल बारावं झालं. मनीषाला घेऊनच यायचं म्हणून मोठी पिशवी नेली होती, तिच्या कपड्यांसाठी. ती म्हणाली, घर आवरायचंय, पंचायतीत कागद करायचेत, तुम्ही व्हा पुढे. बसपर्यंत गौरवी आली होती. तीही म्हणाली, बाबा, आईला घाई करू नका. कसली घाई? नवऱ्याने बायकोला घरी चल म्हणणं ही घाई?

डिचोली, म्हापसा, पेडणे. प्रत्येक बसमध्ये रिकामी पिशवी मांडीवर.

१८ मार्च

म्हाताऱ्या बाईचं घर. आवरायला एवढे दिवस लागतात?

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. जातो आणि घेऊनच येतो. बाजारातल्या मोबाइलवाल्याकडून पेन ड्राइव्हमध्ये तिचे सिनेमे भरून घेतले. मला जे सगळ्यात आवडले ते आधी. यायला दोन दिवस लागलेच तर संध्याकाळी तिथेच दोघं मिळून बघू.

३० मार्च, पाडवा

आता घरी येऊन लिहितोय.

दुपारी पोचलो. अंगण सारवलेलं. परसात तिने तांबडी भाजी लावली आहे. म्हणजे बी टाकून महिना तरी झाला असणार. जेवण झाल्यावर मी पेन ड्राइव्ह काढून दिला. तिने हातात घेतला, उलटसुलट बघितला. टीव्ही कुठे आहे म्हणून मी खोलीभर बघितलं. शेजारच्या सुमनला देऊन टाकला, म्हणाली. मग संध्याकाळी काय करतेस? बसते, म्हणाली. सप्तकोटेश्वराची आरती ऐकू येते. मग भात लावते.

मी म्हटलं, चल घरी. आता मी उठून जाणार नाही. तुझ्याबरोबर बसेन, अख्खा सिनेमा, एक शब्द न बोलता. शपथेवर सांगतो.

ती ताट पुसत होती. ते ठेवून समोर येऊन बसली.

"तुम्ही एवढे पाहिलेत म्हणून सांगते. मला त्यातला एकही नीट आठवत नाही."

मला कळेना.

"सुरुवातीला आवडायचे. मग सिनेमा लावला की तुम्ही उठून बाहेर जायचात. ते आवडायला लागलं."

मी विचारलं, मी इतका वाईट वागलो? कधी हात उगारला नाही, दारूला शिवलो नाही, पगार आणून तुझ्या हातात दिला. ती म्हणाली, तसं काही नाही. वाईट नाही तुम्ही.

"बोलायचात. उठल्यापासून. भात असा का, नळ तसा का, अमका मंत्री काय म्हणाला. सतत. माझ्या मनातलं मलाच ऐकू यायचं नाही. इथे येतं."

मग मला पाणी आणून दिलं. रडली नाही, रागावली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

शेवटची बस होती म्हणून उठलो. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. बहुधा पहिल्यांदाच.

३१ मार्च

दिवसभर टीव्ही लावला नाही. सोप्यावरही बसवेना.

३ एप्रिल

गोकुळदास भेटला. काय झालं म्हणून त्याने विचारलं. काही नाही म्हटलं आणि त्याच्या बायकोबद्दल विचारलं. तो तासभर बोलला. मी ऐकलं. तिचं नाव रेश्मा होतं, हे मला आज कळलं.

९ एप्रिल, बुधवार

मनीषाचा फोन. तिनेच केला. परत येणार नाही, म्हणाली. आत्ता तरी नाही, आणि पुढचं तिला माहीत नाही. मी बरं म्हटलं. फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "रविवारी जेवायला या. सिनेमाचं काही नको. तुमच्या मनातलं काही असेल तर तेवढंच सांगा." पाहुण्याला बोलावतात तसं बोलावलं. येतो म्हटलं. तेव्हापासून बसून शोधतोय — अजून एक वाक्य सापडलेलं नाही.