दाखवलेलं झाड

माहूर

जैतूदादा,

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून शब्द फुटत न्हाई, म्हणून कागद घेतला.

दिवाळीच्या दंडारी नाचाला तू नांदेडहून तुझा तो कॅमेरावाला दोस्त आणलास. नाच चालू असताना त्यानं मला इचारलं, "तुमचा देव चांदीचा हाय का पितळेचा?" म्या तुझ्याकडं बघितलं. तू ढोलाकडं वळलास.

आपल्या गोंडांचा देव घरात नसतो. जंगलात कुठल्या झाडाच्या ढोलीत देव ठेवलेलं मडकं हाय, ते फक्त पुजाऱ्याला ठाऊक, अन् त्याच्यामागं त्याच्या लेकाला. आपले बाबाच पुजारी, म्हणून निघायच्या दिवशी तू त्यांना जागा इचारलीस. बाबांनी टेकडीवरचं मोहाचं झाड दाखवलं, तुला एकट्याला.

काल मोळीला गेले, तर त्या झाडाची ढोली कुणीतरी कुऱ्हाडीनं फोडलेली. पळत येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाले, "त्या झाडात कधी काही नव्हतंच."

तू झाड बघायला गेलास तवा दोस्त तुझ्या मागं मागं आला असंल. न्हाईतर तू सहज बोलून गेला असशील. मनाला असं समजावून राहिले. पण हे पत्र टाकणार न्हाई. वाचलंस तर तुला कळंल की झाड खोटं होतं.

मग खरं हुडकायला तू परत येशील.

तुझी बहीण,
जंगू